ट्रान्सपाँडरचं शेल्फ आता कशाला? राउटरमध्येच डीडब्ल्यूडीएम आणि आपला ठाणे-बेलापूर पट्टा

पारसिक_कडा

नमस्कार मंडळी. इथे नेटवर्कवाले, डेटा सेंटरवाले, रस्त्यावर फायबर जोडणारे असे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतोय. राउटर आणि ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट (डीडब्ल्यूडीएम, म्हणजे एकाच फायबरवर वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशाने अनेक चॅनेल पाठवणं) हे दोन थर वेगळे ठेवायचे की एक करायचे, हा विषय. मी आयपी प्लॅनिंगमध्ये आहे, ठाणे ते बेलापूर पट्ट्यातल्या लिंक बघतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, मेट्रो अंतरात (शहर-परिसरातल्या अंतरात) ट्रान्सपाँडरचं, म्हणजे राउटरचा प्रकाश लांब जायच्या ठरलेल्या रंगात बदलणाऱ्या उपकरणाचं, वेगळं शेल्फ ठेवायला आता तांत्रिक कारण जवळजवळ उरलेलं नाही. जे अडतंय ते टीममध्ये अडतंय, पण त्यावर नंतर येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आज बहुतेक ठिकाणी काय असतं, राउटरच्या ४००जी पोर्टात एक साधं ग्रे मॉड्यूल, त्यातून पॅचकॉर्ड ओडीएफवर (फायबर जोडायच्या पॅनेलवर), तिथून ट्रान्सपाँडरच्या क्लायंट पोर्टात. तिथे पुन्हा ग्रे मॉड्यूल, मग प्रकाशाचं इलेक्ट्रिकल होतं आणि परत प्रकाश होतो, या वेळी ठरलेल्या लॅम्डावर (वेव्हलेंग्थवर), मग मक्स (अनेक लॅम्डा एका फायबरवर एकत्र करणारा), अ‍ॅम्प्लिफायर आणि फायबर. पलीकडच्या टोकाला हेच उलट. म्हणजे एका लिंकला चार ग्रे मॉड्यूल, दोन ट्रान्सपाँडर कार्डं, त्यांची शेल्फं, त्यांची वीज, त्यांचं एएमसी, आणि वेगळा एनएमएस (देखरेखीचं सॉफ्टवेअर). कोहेरंट प्लगेबल (ट्रान्सपाँडरचं काम करणारं, पोर्टात बसणारं छोटं मॉड्यूल) वापरलं तर राउटरच्या पोर्टातूनच रंगीत लॅम्डा निघतो, सरळ मक्समध्ये जातो. दोन टोकांना दोन मॉड्यूल, संपलं.

ही कल्पना नवीन नाही. २००० नंतरच्या दशकात आयपी ओव्हर डीडब्ल्यूडीएम नावाने येऊन गेली होती आणि चालली नाही. तेव्हा रंगीत इंटरफेस असलेलं लाइनकार्ड घेतलं की त्या स्लॉटमध्ये मोजकेच पोर्ट बसायचे, राउटरची महागडी जागा ऑप्टिक्सच्या आकारामुळे वाया जायची. आता कोहेरंट डीएसपी (सिग्नल हाताळणारी चिप) ७ नॅनोमीटरवर आल्यावर सगळं क्यूएसएफपी-डीडी या ४००जी मॉड्यूलच्या नेहमीच्या आकारात बसलं. जो पोर्ट ग्रे मॉड्यूल घेतो तोच हे घेतो, एकही पोर्ट कमी होत नाही. ओआयएफ या उद्योगसंघटनेने ४०० झेडआर या ४००जी कोहेरंट मॉड्यूलचं स्पेसिफिकेशन २०२० मध्ये काढलं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. खरा फरक इथे पडला.

दुसरी बाजू राउटरची. पूर्वी राउटरचा पोर्ट इतका महाग होता की मधल्या साइटवर ट्रॅफिक राउटरला दाखवायचाच नाही, ऑप्टिकलमध्येच पुढे ढकलायचा, हे हिशोबाचं होतं. आता एका चिपमध्ये १२.८ नाहीतर २५.६ टेराबिट मिळतात. मग ठाणे, ऐरोली, महापे, वाशी अशी रिंग असेल तर प्रत्येक ठिकाणी राउटरवर उतरून पुढच्या हॉपला जायला काय हरकत आहे? रोडमचं (लॅम्डा प्रकाशातच वळवणाऱ्या स्विचचं) बरंचसं कामच निघून जातं.

अंतर बघा ना आपलं. ठाण्याहून बेलापूर वीस-पंचवीस किलोमीटर. ४०० झेडआर अ‍ॅम्प्लिफायर लावून १२० किमीपर्यंत चालतं आणि मध्ये काहीच न लावता, नुसतं फायबर असेल तर ११ डीबी लॉस (वाटेत प्रकाश कमी होणं) सहन करतं. २५ किमीला किमीमागे पाव डीबी धरा, सव्वासहा होतात. कनेक्टर, जोड धरूनही बसतं. ऐरोली, रबाळे, महापे इथली डेटा सेंटरं तर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे ट्रान्सपाँडर लावणं म्हणजे पैसे आणि वीज जाळणं, दुसरं काही नाही.

बोला आता.

शिकतेय_अजून

छान लिहिलंय दादा. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ऐरोलीत राहते. एक बेसिक शंका, ग्रे आणि रंगीत यात नेमका फरक काय? आणि प्रकाशाचं इलेक्ट्रिकल करून परत प्रकाश करायचा, हे मुळात सुरू का केलं होतं?

पारसिक_कडा

@शिकतेय_अजून, ग्रे म्हणजे ज्याची वेव्हलेंग्थ ढोबळ असते, एका फायबरवर एकटं जाण्यासाठी. रंगीत म्हणजे आयटीयूच्या ग्रिडवर नेमक्या फ्रिक्वेन्सीला बसवलेला, म्हणजे त्याच फायबरवर शेजारी इतर चॅनेल जाऊ शकतात. सी-बँडमध्ये साधारण ४.८ टेराहर्ट्झ जागा मिळते, एका ४००जी चॅनेलला ७५ गिगाहर्ट्झ दिले तर ६४ चॅनेल बसतात, म्हणजे एका जोडीवर २५.६ टेराबिट.

आणि बदलायचं का, तर डोंबिवलीहून वाशीला जाणारा माणूस जसा ठाण्याला मेन लाइनची गाडी सोडून, पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर जातो तसं आहे ते. राउटरची गाडी लांब जायच्या रुळावर चालतच नव्हती म्हणून बदलावी लागायची. आता तीच गाडी थेट जाते.

ओटीडीआर_वाला

धागा चांगला आहे पण तुमच्या त्या सव्वासहा डीबीवर मला बोलायचंय, कारण तुम्ही लोक कागदावर फायबर बघता आणि आम्ही चेंबरमध्ये उतरून बघतो.

घोडबंदर रोडला मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून त्या बाजूच्या केबलचे किती तुकडे झालेत ते विचारू नका. एक कट झाला की दोन टोकं एकमेकांना जुळत नाहीत, खेचून घेतलेली असतात, मग मध्ये केबलचा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका कटला दोन जोड. प्रत्येक जोड नीट केला तर ०.०५ डीबी येतो पण रात्री दोनला, पावसात, ताडपत्रीखाली, मशीनचे इलेक्ट्रोड जुने असताना काय येणार, ०.१ नाहीतर ०.२ सुद्धा येतो आणि लिंक अप झाली की वरून फोन येतो की बास, बंद करा चेंबर. असं दोन-तीन वर्षं चाललं की तुमचे सव्वासहा साडेनऊ झालेले असतात. त्यात चेंबरमध्ये पाणी, क्लोजरमध्ये चिखल, आणि कोणीतरी लूप घट्ट बांधून ठेवलेली.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे, लिंक ठरवण्याआधी ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती लॉस आहे ते दाखवणारं यंत्र) दोन वेव्हलेंग्थला घ्या, १५५० आणि १६२५ नॅनोमीटर. एखाद्या ठिकाणी १५५० ला लॉस थोडा आणि १६२५ ला बराच जास्त दिसला तर तिथे फायबर वाकलेलं आहे, जोड खराब नाही. जाऊन लूप सैल केली की काम होतं. नुसता पॉवरमीटर लावून एक आकडा घेऊन प्लॅनिंग करू नका, हात जोडून सांगतो.

कॉल बिफोर यू डिग अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये आलं, चांगली सोय आहे, खोदणाऱ्याने आधी त्यात टाकलं तर आम्हाला निरोप येतो. पण जेसीबीवाला ज्या पोटकंत्राटदाराचा असतो त्याच्यापर्यंत ते पोचायला हवं.

पारसिक_कडा

@ओटीडीआर_वाला, मनापासून धन्यवाद, हेच हवं होतं. ११ डीबीचा आकडा मी दिला पण त्यात किमान तीन डीबी राखून ठेवायलाच हवेत आपल्याकडे, हे तुमच्या अनुभवावरून दिसतंच आहे. जिथे आठच्या वर मोजमाप येतं तिथे छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा किंवा हाय पॉवरचं मॉड्यूल घ्यायचं.

जुना_ट्रान्समिशनवाला

तरुण मित्रांनो, मी एसडीएचपासून (जुन्या सर्किटवाल्या ट्रान्समिशनपासून) या क्षेत्रात आहे, आता निवृत्तीला आलोय. पारसिक यांचं बरंचसं पटतं, पण ट्रान्सपोर्ट म्हणजे नुसता मधला दलाल असं जे चित्र उभं राहतंय ते मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, ५० मिलिसेकंद. एसडीएचच्या रिंगमध्ये कट झाला तर ५० मिलिसेकंदात ट्रॅफिक दुसऱ्या बाजूने फिरायचा. ग्राहकाला कळायचंही नाही. ही शिस्त ओटीएनने (एसडीएचनंतरच्या ऑप्टिकल ट्रान्सपोर्टच्या पद्धतीने) पुढे चालवली. आता तुम्ही म्हणाल राउटर पण करतो.

दुसरी गोष्ट, सर्किट. अजूनही २ एमबीची ई-वन आणि एसटीएम-१ या जुन्या, ठरावीक वेगाच्या सर्किटांवर चालणारी गिऱ्हाइकं आहेत, सिग्नलिंगवाले, वीजवाले, काही बँका. त्यांना पॅकेट नको आहे, त्यांना बिट मोजून हवेत, उशीर कायम एकसारखा हवा. ओटीएनच्या ओडीयू नावाच्या डब्यात ते जसंच्या तसं जातं.

तिसरी, आणि ही तुम्ही टाळली आहे. जुने रोडम ५० गिगाहर्ट्झच्या पक्क्या ग्रिडचे आहेत. तुमचा ४००जी सिग्नल साधारण ६० गिगाबॉडचा, म्हणजे साधारण ६० गिगाहर्ट्झ रुंद. तो ५० च्या खिडकीतून जाणारच नाही, दोन्ही कडा कापल्या जातील. म्हणजे ज्या लाइन सिस्टमवर पैसे घालून बसलो आहोत ती तशीच ठेवून राउटरमधून लॅम्डा घालता येईल हे शक्य नाही. शिवाय साध्या ४०० झेडआरची पॉवर उणे १० डीबीएम. शेजारचे आमचे ट्रान्सपाँडर शून्याच्या आसपास पाठवतात. अ‍ॅड साइडला हा एवढासा सिग्नल घेऊन तो सारखा करायचा म्हणजे आवाज (नॉइज) पण तेवढाच वाढतो.

हे सगळं माहीत असणारा माणूस ट्रान्समिशनमध्येच तयार होतो. शेल्फ काढा हवं तर, त्या माणसाला काढू नका.

पारसिक_कडा

काका, शेवटच्या वाक्यावर शंभर टक्के सहमत, आणि मी दलाल म्हटलेलं नाही हो. बाकी एकेक घेतो.

रोडमचं बरोबर आहे. जिथे जुनी ५० ची सिस्टम आहे तिथे ४००जी घुसवायचा प्रयत्न करूच नये. फ्लेक्सग्रिड (खिडकीची रुंदी बदलता येणारी सिस्टम) असेल तर ७५ किंवा १०० ची खिडकी द्यावी आणि शून्य डीबीएमचं मॉड्यूल घ्यावं, आता क्यूएसएफपी-डीडीतच मिळतं, आत बारीक अ‍ॅम्प्लिफायर असतो. पण माझा मुद्दा त्याहून साधा आहे, ठाणे-ऐरोली-महापेसारख्या रिंगला रोडम लागतोच कशाला? पॅसिव्ह मक्स ठेवा, एक हॉप एक फायबर, प्रत्येक ठिकाणी राउटर.

५० मिलिसेकंद राउटर देतो काका, आणि मी नुसतं म्हणून सांगत नाही. सेगमेंट राउटिंगमध्ये (पॅकेटचा रस्ता सुरुवातीच्या राउटरनेच ठरवून देण्याची पद्धत) टीआय-एलएफए हे फीचर चालू केलं की पर्यायी रस्ता आधीच काढून फॉरवर्डिंगमध्ये भरलेला असतो, लिंक पडली की शोधत बसायचं नाही, नुसतं वळवायचं. त्यातही कोहेरंट मॉड्यूल राउटरमध्येच असल्याचा एक मोठा फायदा आहे. एफईसीच्या (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडच्या) आधी किती बिट चुकताहेत ते राउटरला दर क्षणाला दिसतं. ओपन झेडआर प्लसचा (झेडआरच्या लांब जाणाऱ्या प्रकाराचा) ओएफईसी शंभरात दोन बिट चुकले तरी दुरुस्त करतो, ४०० झेडआरच्या सीएफईसीला ती मर्यादा सव्वा आहे. म्हणजे केबल ताणली जातेय, पाणी शिरतंय, असा हळूहळू बिघडणारा प्रकार असेल तर ग्राहकाचं एकही पॅकेट न पडता राउटर ट्रॅफिक आधीच काढून घेऊ शकतो. ट्रान्सपाँडर मध्ये असताना राउटरला हे कळायचंच नाही, ग्रे पोर्ट शेवटपर्यंत हिरवा आणि मग एकदम लाल.

ई-वन, एसटीएमबद्दल मी वाद घालणार नाही. सर्किट इम्युलेशन (पॅकेटवरून सर्किट नेणं) आहे, चालतंही, पण रेल्वे सिग्नलिंगसारखं काही असेल तर ते आहे तिथेच राहू दे, त्याला हात लावू नये. त्या जुन्या गिऱ्हाइकांचा ट्रॅफिक एवढासा आहे, त्यांच्यासाठी छोटं ओटीएन ठेवता येतं. सगळा डेटा सेंटरचा ४००जी ट्रॅफिक त्यातून नेण्याची गरज नाही एवढंच.

वाशी_खाडी

मी मोबाइल साइडला आहे, रेडिओ. वाचतेय. तुम्ही सगळे बँडविड्थ आणि प्रोटेक्शन बोलताय, सिंकबद्दल (सगळ्या साइट्सची घड्याळं जुळवण्याबद्दल) कोणीच नाही म्हणून लिहिते.

५जी ऑक्टोबर २०२२ ला आलं त्यातला ३.३ गिगाहर्ट्झचा बँड टीडीडी आहे. म्हणजे सगळ्या साइट्सनी एकाच वेळी बोलायचं आणि एकाच वेळी ऐकायचं, त्यासाठी घड्याळाचा फरक दीड मायक्रोसेकंदाच्या आत लागतो. जीपीएस असतं पण सगळीकडे नाही, आणि असलं तरी पीटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) बॅकअप लागतोच. पीटीपीला जाण्याचा आणि येण्याचा उशीर सारखा आहे असं धरून हिशोब होतो. फरक पडला की त्याचा निम्मा थेट वेळेच्या चुकीत येतो.

आता वरती ओटीडीआरवाल्या दादांनी लिहिलंय की कट झाला की तुकडा घालतात. रात्री घाईत जाणारं फायबर एका केबलने आणि येणारं दुसऱ्या केबलने फिरवलं आणि १०० मीटरचा फरक पडला, तर तेवढ्यानेच ५०० नॅनोसेकंद, म्हणजे चूक २५० नॅनोसेकंद. माझ्या बजेटचा सहावा भाग एका चेंबरमध्ये गेला, आणि लिंक तर हिरवीच दिसते!

एकत्र केलेलं नेटवर्क मला यासाठी आवडतं की प्रत्येक हॉपला राउटर असेल तर तो स्वतः बाउंड्री क्लॉक (वेळ घेऊन नव्याने पुढे देणारं घड्याळ) म्हणून काम करतो, क्लास सी (अचूकतेचा एक वर्ग) असेल तर त्याची कायमची चूक १० नॅनोसेकंदांच्या आत. पण कोहेरंट मॉड्यूलच्या डीएसपीमध्ये बफर असतात, मॉड्यूल रीसेट झालं की उशीर थोडा वेगळा येऊ शकतो. तेव्हा खरेदीच्या वेळी पीटीपीची टेस्ट मॉड्यूल काढून-घालून परत परत घ्या. एकदा लावून आकडा बरा आला म्हणून सही करू नका.

पारसिक_कडा

@वाशी_खाडी ताई, हे माझ्या चेकलिस्टमध्ये नव्हतं, आज घातलं.

रबाळे_नाईट_शिफ्ट

मी एका डेटा सेंटरच्या एनओसीत (नेटवर्कच्या देखरेख कक्षात) आहे, नाव लिहीत नाही. पारसिक भाऊ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये "टीममध्ये अडतंय" असं लिहून तुम्ही पुढे गेलात पण आमच्यासाठी खरा विषय तोच आहे, म्हणून जरा मोठं लिहितो.

आमच्याकडे एका ग्राहकाची लिंक होती, त्याच्या राउटरमधून रंगीत लॅम्डा निघायचा आणि तिसऱ्याच कंपनीच्या लाइन सिस्टमवरून जायचा, एलियन वेव्हलेंग्थ म्हणतात तसं. रात्री लिंक फ्लॅप व्हायला लागली. आयपी एनओसीने बघितलं, त्यांच्या स्क्रीनवर नुसतं इंटरफेस अप-डाउन, त्यांनी तिकीट ट्रान्सपोर्टला दिलं. ट्रान्सपोर्टच्या एनएमएसवर हा लॅम्डा त्यांचा नाहीच, त्यांना फक्त चॅनेलची पॉवर दिसते, ती ठीक होती, त्यांनी तिकीट "आमच्याकडे क्लीन" लिहून परत पाठवलं. परत आयपी. परत ट्रान्सपोर्ट. पहाट झाली तरी कोणी फील्डला कोणाला उठवलं नाही कारण कट तर नाहीच आहे! आणि सगळी माहिती राउटरमध्ये पडलेली होती, मॉड्यूलच्या आत, कोणी ती कमांड मारून बघितली नव्हती कारण आयपीच्या मुलांना ओएसएनआर (प्रकाशातल्या सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण) म्हणजे काय ते कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना राउटरचं लॉगिनच नव्हतं.

जुन्या पद्धतीत भांडण व्हायचं पण हद्द ठरलेली होती, पॅचकॉर्डच्या अलीकडे तुमचं पलीकडे आमचं. ट्रान्सपाँडर काढला की ती हद्द गेली. ती हद्द गेल्यावर जर दोन टीम तशाच ठेवल्या तर लिंक कोणाचीच राहत नाही.

दुसरं, उष्णता. ४०० झेडआर पंधरा वॅटच्या आसपास, प्लसवालं वीसच्या आसपास किंवा वर. डेटा सेंटरमध्ये थंड हवा आहे, प्रॉब्लेम नाही. पण कळव्याला नाहीतर दिघ्याला एखाद्या इमारतीच्या गच्चीवरच्या शेल्टरमध्ये मे महिन्यात एसी बंद पडला की काय? ३६ पोर्टचा राउटर आहे म्हणून ३६ कोहेरंट मॉड्यूल घालता येतात असं नसतं, प्रत्येक बॉक्सची यादी असते की कुठल्या पोर्टात किती वॅट चालेल, काहींमध्ये शेजारचा पोर्ट रिकामा ठेवावा लागतो. ती यादी ऑर्डर द्यायच्या आधी वाचा.

आणि मॉड्यूल थंड स्थितीतून चालू व्हायला ग्रेसारखं लगेच होत नाही, मिनिटभर किंवा जास्त घेतं. राउटर रीबूटच्या चेंज विंडोमध्ये हा वेळ धरत नाहीत आणि मग पॅनिक होऊन लोक मॉड्यूल उपसतात.

कळवा_नाका

+१ नाईट शिफ्ट. आमच्याकडेही अगदी हेच.

दुसरा एक मुद्दा मांडतो, थोडा वेगळा आहे. राउटर हॉप बाय हॉप आला की आयपीवाल्यांना वाटतं आपल्याला आता खरा रस्ता दिसतो. दिसत नाही. ठाण्याहून नवी मुंबईत जायचं तर खाडी ओलांडायला पूल मोजकेच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून दोन लिंक घेतल्या, एक वर्किंग एक प्रोटेक्ट, दोन्ही शेवटी ऐरोलीच्या पुलावर एकाच बाजूच्या डक्टमध्ये, असं मी डोळ्याने बघितलंय. टीआय-एलएफए काय करणार त्याला? त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या लिंक आहेत. एसआरएलजी (कुठल्या लिंक एकाच डक्टमधून जातात त्याची नोंद) हाताने भरावा लागतो आणि तो भरण्यासाठी ज्याला डक्ट माहीत आहे त्याला विचारावं लागतं.

ओटीडीआर_वाला

@कळवा_नाका, एकदम बरोबर. आणि डक्टचा नकाशा दर कटनंतर बदलतो. आम्ही लाल पेनने नकाशावर लिहितो, ते ऑफिसला पोचलं तर पोचलं.

जुना_ट्रान्समिशनवाला

नाईट शिफ्ट यांनी जे लिहिलं ते वाचून फार वाईट वाटलं, कारण ती माहिती किती मोलाची असते ते मला माहीत आहे. पारसिक, तुमच्या आयपीच्या मुलांना एक गोष्ट शिकवा, बाकी हळूहळू येईल.

कोहेरंट रिसीव्हर क्रोमॅटिक डिस्पर्शन (फायबरमध्ये अंतराबरोबर प्रकाशाचा पल्स पसरत जाणं) मोजून दाखवतो, पिकोसेकंद पर नॅनोमीटरमध्ये. आपल्या नेहमीच्या जी.६५२ फायबरचं डिस्पर्शन १५५० ला किमीमागे साधारण १७ असतं. रीडिंग ४०० आलं तर भागा १७ ने, साडेतेवीस किमी. काल ४०० होतं आणि आज ७०० दाखवतंय तर तुमचा सिग्नल एक्केचाळीस किमीवरून येतोय, म्हणजे कोणीतरी रात्री लांबच्या रस्त्याने फिरवलाय. कट झाला, जोडला, सगळं हिरवं, पण रस्ता बदलला, हे एका आकड्यावरून घरबसल्या कळतं. वरती ताईंचा सिंकचा प्रश्न आणि कळवा नाक्यांचा एकाच पुलाचा प्रश्न, दोन्हीकडे हा आकडा उपयोगी आहे. नेमका डक्ट तो सांगणार नाही, पण अचानक अंतर बदललं की चौकशी करायला कारण मिळतं.

ही गोष्ट ट्रान्सपाँडरमध्येही दिसायची, आम्ही बघायचो. आता तुमच्या राउटरमध्ये आहे, तुम्ही बघा.

रबाळे_नाईट_शिफ्ट

काका! हे आज रात्रीच सगळ्या लिंकवर काढून बघतो.

शिकतेय_अजून

मला एक विचारायचंय, म्हणजे पुण्यापर्यंत पण असंच करता येईल का? आणि दोन टोकांना वेगवेगळ्या कंपनीची मॉड्यूल खरंच चालतात?

पारसिक_कडा

पुण्यासाठी ४०० झेडआर पुरत नाही, रस्त्याने दीडशे किमीच्या आसपास जातं ते आणि घाटात फायबर जास्तच वळसे घेतं. तिथे ओपन झेडआर प्लस, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर. सिग्नल तरीही बसेना तर त्याच मॉड्यूलला खाली आणता येतं, ४००जी १६ क्यूएएम, ३००जी ८ क्यूएएम, २००जी क्यूपीएसके, स्पीड कमी केला की लांब जातं. दिल्ली-चेन्नईसारख्या लांब पल्ल्याला मात्र मी अजून मोठे ट्रान्सपाँडर आणि रोडमच म्हणेन, तिथे काकांचं राज्य आहे आणि असू दे.

वेगवेगळ्या कंपन्यांचं, ४०० झेडआर मोडमध्ये चालतात, त्यासाठीच स्पेसिफिकेशन आहे. पण प्रत्येक कंपनी स्वतःचा एखादा जास्त ताकदीचा मोड देते, तो चालू केला की दोन्ही टोकांना त्याच कंपनीचं लागतं. आणि राउटरच्या सॉफ्टवेअरने ते मॉड्यूल ओळखायला हवं, सीएमआयएसचं (राउटर आणि मॉड्यूलमधल्या संवादाच्या नियमांचं) कुठलं व्हर्जन आहे, कुठले अ‍ॅप्लिकेशन कोड वाचतो, हे तपासल्याशिवाय तिसऱ्या कंपनीची मॉड्यूल स्वस्त मिळाली म्हणून पेटी भरून घेऊ नये.

आता नाईट शिफ्ट यांच्या मुद्द्यावर, कारण तोच कळीचा आहे आणि मी तो पहिल्या पोस्टमध्ये नुसता स्पर्श करून सोडला होता. आमच्याकडे नवीन रिंगसाठी मी जो प्रस्ताव देतोय तो असा. ऑप्टिक्सची टेलिमेट्री राउटरमधून ओपनकॉन्फिगने (सगळ्या कंपन्यांना सामाईक फॉरमॅटमध्ये) काढायची आणि ती एकाच स्क्रीनवर, लाइन सिस्टमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आकड्यांच्या शेजारी लावायची. लिंक एकच, तिकीट एकच, मालक एकच टीम, आणि त्या टीमच्या प्रत्येक शिफ्टमध्ये ट्रान्समिशनमधून आलेला एक तरी माणूस. ट्रान्सपोर्टच्या लोकांना राउटरचं रीड-ओन्ली लॉगिन पहिल्या दिवसापासून. फील्डचा लाल पेनचा नकाशा कट बंद करण्याच्या फॉर्मचा भाग, फोटो टाकल्याशिवाय तिकीट बंद होणार नाही. यातलं शेवटचं मंजूर व्हायला सगळ्यात अवघड जातंय, खरेदीला कोणी नाही म्हणत नाही.

आणि माणसं कमी करण्यासाठी हे करायचं असेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही, हे मी तिथेही बोललोय.

वाशी_खाडी

फोटोचं होऊ दे मंजूर. त्यात जाणारं आणि येणारं फायबर कुठल्या केबलमध्ये घातलं ते पण लिहायला लावा, दोन ओळी लागतात.

ओटीडीआर_वाला

ताई, लिहितो आम्ही, पण फॉर्म मराठीत करा. जोडणारी पोरं हुशार आहेत, कुठलं फायबर कुठे गेलं ते अंधारात रंगावरून सांगतात, इंग्रजी फॉर्म बघितला की सुपरवायझरची वाट बघत बसतात.

पारसिक_कडा

करतो. फॉर्मचा मसुदा इथेच टाकतो या आठवड्यात, तुम्ही, ताई आणि काका तिघांनी बघून घ्या.

रबाळे_नाईट_शिफ्ट

डिस्पर्शनची रीडिंग काढली. एक लिंक प्लॅनमध्ये १८ किमी लिहिलेली आहे आणि रीडिंग ६१० येतंय, म्हणजे ३६ च्या आसपास. ही कधीपासून अशी आहे ते लॉगमध्ये नाही. @जुना_ट्रान्समिशनवाला काका, मॉड्यूल चुकीचं मोजत असेल असं होऊ शकतं का?

जुना_ट्रान्समिशनवाला

थोडाफार फरक येतो पण दुप्पट येत नाही. दुसऱ्या टोकाचं रीडिंग बघा. दोन्हीकडे ६०० च्या आसपास असेल तर रस्ताच लांब आहे. एकीकडे ३०० आणि एकीकडे ६०० असेल तर जाणारं आणि येणारं फायबर वेगळ्या रस्त्याने चाललंय, मग आधी वाशीच्या ताईंना कळवा आणि नंतर ओटीडीआर लावा.

रबाळे_नाईट_शिफ्ट

दुसऱ्या टोकाला ३०५.

वाशी_खाडी

अरे देवा. त्या लिंकवरून कुठल्या साइट्स सिंक घेतात त्याची यादी पाठवा मला, आत्ता.

ओटीडीआर_वाला

लिंकचं नाव मेसेज करा, सकाळी माझी टीम महापेलाच आहे, तिथून ट्रेस घेतो.